स्नायूंचं दुखणं आणि योगासनं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्ग संपल्यावर चपला घालता घालता, फोनवर, कधी रात्री उशिरा निरोप पाठवून लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. दुखऱ्या अंगाने करायचं आसन निरोगी अंगाच्या आसनापेक्षा लहान, आधार घेतलेलं आणि सावकाश असतं. खालची सगळी उत्तरं हे धरूनच दिली आहेत.

१. अंग दुखत असताना आसनं करावीत की गप्प पडून राहावं?

दुखणं कशामुळे आहे, ते आधी पाहावं. सवय नसलेल्या कष्टांनी अंग आंबलं असेल, तर हलक्या हालचाली चालतात, नव्हे कराव्यातच. तासन्‌तास एका जागी बसून अंग आखडलं असेल, तर आसनांचा सगळ्यात चांगला उपयोग इथेच होतो. स्नायू लचकला किंवा त्याचे तंतू फाटले असतील, तर मात्र त्या भागाला पहिले दोन-तीन दिवस अजिबात ताणायचं नाही. बाकीचं शरीर हलवायला हरकत नाही. या तिन्हींना एकच उपाय लावला जातो आणि दुखणं वाढतं, असं फार वेळा दिसतं.

२. नुसतं अंग आंबलंय की इजा झालीय, हे घरी कसं ओळखायचं?

आंबलेलं अंग बहुधा दोन्ही बाजूंना, पसरट दुखतं. दुखणं दुसऱ्या दिवशी सुरू होतं आणि थोडं चालल्या-फिरल्यावर सैल पडतं. इजा झाली असेल तर तो क्षण आठवतो: बादली उचलली, पाय घसरला, चमक गेली. दुखरी जागा एका बोटाने दाखवता येते. तिथे सूज येते, कधी काळं-निळं पडतं आणि जोर लावता येत नाही.

इजेचे डॉक्टर तीन दर्जे मानतात. पहिल्यात थोडे तंतू दुखावतात, दुसऱ्यात बरेच फाटतात, तिसऱ्यात स्नायू पूर्ण तुटतो. ‘कट्’ असा आवाज आला, जोर गेला किंवा पायावर भार टाकता येत नसेल, तर आसनांचा विचार बाजूला ठेवून हाडांच्या डॉक्टरांकडे जावं.

३. सिंहगड चढताना काहीच झालं नाही. मग दोन दिवसांनी साधा जिना उतरता का येत नाही?

कारण दुखणं चढण्याचं नाही, उतरण्याचं आहे. उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू लांबत लांबत अंगाचं वजन पेलतो. असा लांबताना लावलेला जोर स्नायूतंतूंना सर्वांत जास्त शिणवतो. त्यात सूक्ष्म इजा होतात, मग दाह होतो, आणि दुखणं २४ ते ७२ तासांच्या दरम्यान सर्वाधिक असतं. आठवडाभरात ते आपोआप ओसरतं.

‘लॅक्टिक ॲसिड साठलंय, ते आसनांनी निचरून जाईल’ हे अजूनही सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. ते आम्ल श्रम थांबल्यावर साधारण तासाभरात रक्तातून निघून जातं, आणि दुखणं तर दुसऱ्या दिवशी सुरू होतं. चांगली गोष्ट ही, की तोच गड काही आठवड्यांत पुन्हा उतरलात तर दुखणं बरंच कमी असतं, कारण स्नायू त्या कामाला सरावलेला असतो.

४. गडावरून आल्यावर कोणती आसनं केली की पाय दुखणार नाहीत?

पाय अजिबात दुखणार नाहीत असं कोणतंच आसन नाही. व्यायामाआधी किंवा नंतर स्नायू ताणल्याने हे दुखणं कितपत कमी होतं, यावरच्या प्रयोगांचा, वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०११ मध्ये एकत्र आढावा घेतला. फरक इतका थोडा निघाला की रोजच्या जगण्यात तो जाणवूही नये.

तरीही मी संध्याकाळची वीस मिनिटं सुचवते, कारण पाय हलके वाटतात आणि झोप चांगली लागते. भिंतीला पाय टेकवून विपरीत करणी, ढुंगणाखाली दुमडलेली घोंगडी, पाच ते दहा मिनिटं. मग पाठीवर झोपून तळपायाला ओढणी अडकवून सुप्त पादांगुष्ठासन, गुडघा किंचित वाकलेला. मग मार्जारासनाची (ओणवं होऊन पाठ आळीपाळीने वर-खाली करणं) आठ-दहा आवर्तनं. शेवटी शवासन. दुसऱ्या दिवशी सपाट रस्त्यावर वीस मिनिटं चालावं. मांड्या आंबलेल्या असताना वज्रासन, वीरासन आणि उत्कटासन दोन-तीन दिवस करू नये. पहिली दोन त्याच स्नायूला पूर्ण ताणतात आणि तिसरं त्याच्यावरच पुन्हा भार टाकतं.

५. ताण किती घ्यायचा आणि किती वेळ थांबायचं?

स्नायूच्या आत ताण मोजणारे सूक्ष्म ग्राहक असतात. झटका दिला की ते मेंदूपर्यंत न जाता मणक्यातूनच ‘आखडा’ असा हुकूम आणतात. त्यामुळे हिसके देत वाकणाऱ्याचा स्नायू सैल न होता उलट घट्ट होतो. सावकाश जाऊन ३० सेकंद ते एक मिनिट थांबलं, की तो विरोध ओसरतो.

मोजमाप श्वासाचं ठेवा. श्वास अडला, दात आवळले गेले, कपाळाला आठ्या पडल्या, की तुम्ही पुढे गेला आहात. तिथून थोडं मागे या. योगसूत्रांत पतंजलींनी आसनाची व्याख्या ‘स्थिरसुखमासनम्’, म्हणजे स्थिर आणि सुखाचं ते आसन, अशी केली आणि लगेच पुढच्या सूत्रात प्रयत्न सैल करायला सांगितलं. दुखऱ्या शरीराला ही दोन सूत्रं शब्दशः लागू पडतात. दुसरी कसोटी दुसऱ्या दिवशी सकाळची: दुखणं कालपेक्षा वाढलं असेल, तर कालचं प्रमाण निम्मं करा.

६. कंबरेत उसण भरली आहे, सरळ उभं राहता येत नाही. आत्ता काय करू?

आधी प्रश्न १६ वाचा. त्यातलं एकही लक्षण नसेल, तर जमिनीवर सतरंजी घालून पाठीवर झोपा आणि दोन्ही पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवा. खुबा आणि गुडघा काटकोनात हवेत. कंबरेचे आखडलेले स्नायू या स्थितीत सर्वांत लवकर सुटतात. हात पोटावर ठेवून श्वास सोडण्याचा वेळ लांबवत न्या. दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. पालथं झोपणं जमत असेल तर मकरासनही चालेल. उठताना सरळ उठू नका. कुशीवर वळा, हाताने जमीन दाबत उठा.

दिवसभर अंथरुणाला खिळून राहू नये. पूर्वी आठवडाभर सक्तीची विश्रांती सांगत, पण जास्त पडून राहिलेल्यांना बरं व्हायला उशीर लागतो. तासाला एकदा घरातल्या घरात दोन-चार फेऱ्या मारा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एकेका पायाचं पवनमुक्तासन, म्हणजे पाठीवर झोपून गुडघा छातीशी घेणं, डोकं जमिनीवरच ठेवून. मग लहान मार्जारासन. चमक पूर्ण गेल्यावर सेतुबंध (पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलणं), एका पायाचं शलभासन (पालथं झोपून पाय मागे उचलणं) आणि नाभी जमिनीला टेकलेलं भुजंगासन (पालथं झोपून छाती उचलणं). पाठ पुढे वाकवणारी पश्चिमोत्तानासन, उत्तानासन, हलासन ही आसनं आणि जोरकस पीळ दोन-तीन आठवडे नको.

पायाळू माणसाकडून कंबरेला पाय लावून घेण्याबद्दलही खूप जण विचारतात. पाय नुसता टेकवला तर इजा होत नाही. पण लाथ, झटका, पाठीवर मुलाला उभं करणं, हे प्रकार कृपया करू नका. बहुतेक उसणी काही दिवसांत आपल्या आपणच उतरतात आणि श्रेय त्या लाथेला मिळतं. मणक्याला आधीच काही झालं असेल तर मात्र तीच लाथ घात करू शकते.

७. जुनी कंबरदुखी आहे, एक्स-रे साधा आहे. योगाने खरोखर फरक पडतो का?

पडतो, पण माफक. कारण नेमकं न सापडणारी, तीन महिन्यांहून जुनी कंबरदुखी हा या विषयात सर्वांत जास्त अभ्यासलेला आजार आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेने २०१७ मध्ये अशा दुखण्यासाठी आधी औषधांविना उपचार करावेत असं सुचवलं, आणि त्या यादीत योगही आहे. काहीच व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत योग करणाऱ्यांची हालचाल सुधारते आणि दुखणं थोडं कमी होतं. इतर पद्धतशीर व्यायामांच्या तुलनेत फारसा फरक नाही. काहींची कंबर सुरुवातीला जास्त दुखते, हेही नोंदलेलं आहे.

म्हणून आठवड्यातून तीन-चार दिवस, तीन महिने करून पाहा आणि मग ठरवा. यात ताणण्यापेक्षा बळ देणारी आसनं महत्त्वाची: शलभासन, सेतुबंध, वीरभद्रासन, ओणवं होऊन विरुद्ध हात-पाय उचलणं. पाठ लवचीक आहे पण तिच्यात ताकद नाही, असे लोक आमच्याकडे कमी येत नाहीत.

८. दिवसभर लॅपटॉपवर असते. मान आणि खांद्याचे फरे जड होतात.

दर पाऊण तासाने खुर्चीतून उठणं हा पहिला उपाय, आसनं त्यानंतर. स्वयंपाकाच्या ओट्यावर किंवा खिडकीच्या कट्ट्यावर तळहात ठेवून मागे सरका, पाठ जमिनीला समांतर करा आणि पाच-सहा श्वास थांबा. मग खुर्चीत बसून भारद्वाजासनाचा पीळ, गरुडासनातले नुसते हात (छातीसमोर एकमेकांत गुंफलेले) आणि गोमुखासनातले हात (एक खांद्यावरून, दुसरा खालून पाठीमागे). हात पाठीमागे मिळत नसतील तर मध्ये पंचा धरा. मानेसाठी ब्रह्ममुद्रा, म्हणजे उजवीकडे, डावीकडे, वर आणि खाली सावकाश पाहणं, ही लोणावळ्याच्या कैवल्यधाम परंपरेत शिकवली जाते आणि ती पुरेशी आहे. मान गरागरा फिरवू नका. हाताला मुंग्या येत असतील किंवा पकड ढिली झाली असेल, तर प्रश्न स्नायूचा नसून मज्जातंतूचा असू शकतो. तपासून घ्या.

९. आमचं काम शेतात, दिवसभर वाकून. आम्हाला वेगळ्या व्यायामाची काय गरज?

भात लावणी, खुरपणी, ऊसतोड या कामांत कंबर तासन्‌तास पुढे वाकलेली असते. त्यामुळे तुमच्यासाठी संध्याकाळी पुन्हा पुढे वाकणारी आसनं नकोत. उलट बाजूची हवीत. बांधावर उभं राहून कमरेवर हात ठेवायचे आणि सावकाश मागे कलायचं, काम करता करता चार-पाच वेळा. घरी आल्यावर मकरासन, मग कमी उंचीचं भुजंगासन, शेवटी पाय खाटेवर ठेवून दहा मिनिटं पडणं. ओझं उचलताना गुडघ्यात बसून, ओझं पोटाशी घेऊन उठा. योगासन शिकवणाऱ्यांनी शहरी पाठीचा कार्यक्रम गावाकडे तसाच्या तसा नेऊ नये, असं मला फार मनापासून वाटतं.

१०. रात्री झोपेत पोटरीत गोळा येतो.

आला त्या क्षणी गुडघा सरळ करा आणि पायाची बोटं स्वतःकडे ओढा, किंवा उभं राहून टाच जमिनीत दाबा. झोपण्यापूर्वी भिंतीला तळहात टेकून एक पाय मागे, टाच खाली, प्रत्येक बाजूला ३० सेकंद, दोन-तीन वेळा. दिवसभर घाम गाळत असाल तर पाणी कमी पडतंय का ते पाहा. गरोदरपणात असे गोळे येतात, लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनीही येतात. रोजच येत असतील तर डॉक्टरांना सांगा.

११. वारीत मुक्कामाच्या ठिकाणी जागा नसते. तिथे काय जमेल?

आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर चालायचं, त्यात दिवे घाटाची चढण. मुक्कामी पाय धुऊन झाल्यावर ट्रकच्या फाळक्याला किंवा सोबतीच्या गाठोड्यावर पाय ठेवून दहा मिनिटं पडा. बसल्या बसल्या हाताची बोटं पायाच्या बोटांत गुंफून घोटा दोन्ही बाजूंनी फिरवा. तळव्याखाली पाण्याची बाटली लाटा. मधुमेह असेल तर रोज तळवे डोळ्यांनी तपासा. बधिर पायाला फोड आलेला कळत नाही.

१२. आसनं करूनच मांडीच्या मागे, बसायच्या हाडापाशी दुखायला लागलं. हे कसं?

वर्षानुवर्षं पाय सरळ ठेवून पुढे वाकणाऱ्यांत ही इजा नेहमीची आहे. मांडीमागचे स्नायू ज्या हाडाला चिकटतात, तिथली कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, दुखावते. खाली बसलं की दुखतं, पुढे वाकलं की दुखतं. आणि आखडलंय असं समजून माणूस तोच भाग आणखी ताणतो, त्यामुळे ते बरंच होत नाही.

पुढे वाकणारी आसनं बंद करा, किंवा गुडघे चांगले वाकवून आणि ताण जाणवण्याआधी थांबून करा. सेतुबंध आणि शलभासनाने त्या स्नायूला हळूहळू काम द्या. कंडरेला रक्तपुरवठा कमी असतो, म्हणून बरं व्हायला काही महिने लागतात. ‘वेदनेतून जावंच लागतं’ असं सांगणारा शिक्षक असेल, तर शिक्षक बदला.

१३. लोड, पट्टे, ठोकळे विकत घ्यावे लागतील का?

नाही. आधाराची कल्पना जगभर पोहोचवली ती बी. के. एस. अय्यंगार यांनी. ते १९३७ मध्ये पुण्यात शिकवायला आले आणि १९७५ मध्ये इथेच त्यांची संस्था उभी राहिली. भिंत, दोर, खुर्ची, घोंगडी वापरली की आजारी किंवा वयस्क माणसालाही आसनात टिकता येतं. दुखऱ्या स्नायूला नेमकं हेच हवं असतं, कारण वजन आधार पेलतो आणि स्नायूला सुटायला मोकळीक मिळते. घरातला बैठकीचा लोड, सतरंजी, पाट, जुनी सुती ओढणी आणि न घसरणारी खुर्ची एवढं पुरतं. फोमची फार मऊ उशी मात्र चालत नाही, ती दबते.

१४. दुखत असताना सूर्यनमस्कार चालतील?

तीव्र दुखण्यात नाही. त्यात पुढे वाकणं, मागे वाकणं आणि हातांवर भार हे सगळं वेगात येतं. दुखणं गेल्यावर दोन-तीनपासून, गुडघे वाकवून सुरू करा.

१५. माझे सांधे फार लवचीक आहेत, सगळी आसनं सहज येतात. तरी अंग सतत दुखतं.

सैल सांधे जागेवर धरून ठेवायला स्नायू दिवसभर राबतात आणि थकतात. जे आखडल्यासारखं वाटतं, ते बहुतेक वेळा हे राबणं असतं. तुम्हाला आणखी ताणायची गरज नाही. कोपर आणि गुडघे मागे लॉक होऊ न देता, शेवटच्या टोकाच्या अलीकडे थांबून उभ्याची आसनं करा. वर्गात तुमचं कौतुक होईल ते खोलवर जाण्याचं, पण ते ऐकून पुढे जाऊ नका.

१६. कोणत्या दुखण्यात आसनं न करता थेट दवाखाना गाठायचा?

डावा खांदा, हात किंवा जबडा दुखतोय आणि सोबत घाम, धाप किंवा छातीवर दडपण आहे: ताबडतोब, हृदयासाठी. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम आणि लाल झाली, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर: आत रक्ताची गुठळी असू शकते, ती चोळायचीही नाही. कंबरदुखीसोबत लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा जांघेभोवती बधिरपणा आला: त्याच दिवशी. अतिश्रमानंतर स्नायू प्रचंड दुखतात आणि लघवी गडद तपकिरी होते: स्नायू विरघळून मूत्रपिंडावर ताण येत असतो, थांबू नका. ताप, नकळत घटणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं किंवा पडल्यानंतरचं दुखणंही याच यादीत येतं.

१७. रक्तदाब, काचबिंदू, ठिसूळ हाडं किंवा गरोदरपण असेल तर?

काचबिंदू असेल तर शीर्षासन नको. त्यात डोळ्यातला दाब जवळपास दुप्पट होतो. डोकं खाली जाणारी इतर आसनंही डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. रक्तदाब आटोक्यात नसेल तर श्वास रोखून काही करू नये. हाडं ठिसूळ असतील तर पाठ गोल करून पुढे वाकणं आणि जोराचा पीळ टाळा, मणका दबू शकतो. गरोदरपणात पालथी आसनं नकोत, गरोदरपणाच्या नंतरच्या महिन्यांत फार वेळ पाठीवर झोपू नये, आणि सांधे धरून ठेवणारे अस्थिबंध सैल झालेले असल्याने प्रश्न १५ मधली काळजी तुम्हालाही लागू आहे.

१८. वेदनाशामक गोळी घेऊन किंवा बाम लावून आसनं करू का?

गोळीचा असर असताना आसनं करू नयेत. शरीर जिथे ‘थांब’ म्हणतं ती खूणच दबलेली असते. बामाचं तितकं नाही. ताज्या इजेला पहिले दोन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ, १०-१५ मिनिटं. जुन्या आखडण्याला आसनांपूर्वी गरम पाण्याची पिशवी चांगली. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर शेक किती गरम आहे ते दुसऱ्याने हात लावून पाहावं.

१९. शवासन म्हणजे नुसतं पडणंच ना? वेळ नसेल तर सोडलं तर चालेल?

वेळ नसेल तर बाकीचं एखादं आसन सोडा. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात शवासनाला ‘श्रान्तिहरं’, थकवा हरणारं, म्हटलं आहे. जुन्या दुखण्यात माणूस नकळत सतत आवळलेला असतो. खांदे कानाशी, जबडा घट्ट. ही पकड लक्षात आणून सोडायची तर पाच-सात मिनिटं लागतातच. कंबर दुखत असेल तर गुडघ्यांखाली लोड घ्या.

२०. सगळं नियमित करते, तरी दोन्ही मांड्या आणि दंड दुखतच राहतात.

अशा वेळी आसन बदलत बसू नका, कारण शोधा. ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता आणि मंदावलेलं थायरॉइड यांत असं पसरट दुखणं दिसतं, आणि दोन्ही रक्ततपासणीत कळतात. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन गटाची गोळी सुरू असेल तर तिच्यामुळेही काहींचे स्नायू दुखतात. दुखणं गोळी सुरू केल्यावर किंवा तिचं प्रमाण वाढवल्यावर आलं का, हे आठवून डॉक्टरांना सांगा. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. पन्नाशीनंतर सकाळी तासभर खांदे-खुबे उघडतच नाहीत, असं नव्याने सुरू झालं असेल, तर तेही दाहाच्या आजाराचं लक्षण असू शकतं. त्यासोबत कपाळाच्या बाजू दुखू लागल्या किंवा दिसण्यात फरक पडला तर त्याच दिवशी दाखवा. तपासण्या होईपर्यंत प्रश्न ६ मधली खुर्चीवर पाय ठेवायची स्थिती आणि रोजचं चालणं सुरू ठेवायला हरकत नाही.